जाहिरातीवर पैसे घालण्याआधी

अमळनेर

चि. दादूस अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या मसाला-बिबड्यांच्या साइटवर विक्री वाढत नाही म्हणून जाहिरातीवर पैसे घालतो, असं परवा फोनवर म्हणालास. थोडा थांब. जाहिरात पाहून नवी माणसं साइटवर येतील, पण आत्ता येतात तीच काही न घेता परत जातायत. का जातात ते मला इथे बसून कळतं. पाकिटावर माझा नंबर आहे, त्यामुळे साइटवर अडलेला माणूस मलाच फोन लावतो.

सुरतेच्या उधन्यातून एक ताई विचारत होत्या, "माय, मसाला कितला तिखट से?" पुण्याच्या एकीला बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, तळायचे की भाजायचे ते माहीत नव्हतं, पाव किलोत किती येतात हेही हवं होतं. कुणी मसाल्यात लसूण आहे का विचारतं, कुणी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठात मीठ आहे का. साइटवर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. तिथे 'अस्सल, पारंपरिक, घरगुती चव' असं लिहिलंय. तसं तर सगळेच लिहितात, आणि ते वाचून पैसे भरायला कुणाचा हात पुढे होत नाही.

त्या जागी खरी माहिती घाल. मिरची, सुकं खोबरं, कांदा आपण वेगवेगळे भाजतो, लसूण घालत नाही. चार माणसांच्या शेवभाजीला दोन चमचे मसाला पुरतो, घरात लहान मुलं असतील तर एकच घाला. कळण्याला चार भाग ज्वारी आणि एक भाग अख्खे उडीद असतात. मीठ दळतानाच घातलेलं असतं, भाकरी थापताना पुन्हा घालायचं नाही. ही शेवटची ओळ तर ठळक अक्षरात लिही. मीठ दोनदा पडलं की भाकरी खारट होते आणि दोष आपल्या पिठाला लागतो.

आता फोटो. मसाल्याचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलाय, तो नुसता कोळशाच्या भुकटीसारखा दिसतो. सकाळी अंगणात काढ, स्टीलच्या वाटीत, शेजारी चमचा ठेवून, म्हणजे दळण किती बारीक आहे ते दिसेल. बिबडा कच्चा दाखव, तळलेला दाखव आणि एक अर्धा मोडून दाखव. मोडल्यावर आतले तीळ दिसतात, तेच पाहून लोक घेतात. एक तळहातावर ठेवून काढ, आकाराचा प्रश्नच मिटेल. फक्त मोबाइलमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नकोस. तुझी मावसबहीण जळगावला इंजिनिअरिंगला आहे ना, तिनं गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर आपली साइट तपासून दाखवली. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गूगलचं मोजमाप आहे, आणि आपली साइट त्या फोटोंपायीच रखडते. ती म्हणते, फोटो वेबपी या हलक्या प्रकारात करून शे-दीडशे केबीपर्यंत आणायचे. खालचे फोटो पान सरकवल्यावर मागून उघडले तरी चालतात, पण सगळ्यात वरचा पहिला फोटो लगेच उघडायला हवा.

पण सगळ्यात मोठं दुखणं कुरिअरच्या पैशांचं आहे. माणूस पाकीट निवडतो, नाव-पत्ता भरतो आणि शेवटच्या पानावर त्याला पाठवणीचा खर्च दिसतो. तिथेच तो निघून जातो. सगळीकडे हेच चालतं. बेमार्ड नावाची संस्था याचाच अभ्यास करते. त्यांच्या हिशोबात कार्टमध्ये माल टाकणाऱ्या 100 जणांपैकी साधारण 70 जण खरेदी न करताच जातात आणि त्यात वरून लागणारे पैसे हे मोठं कारण आहे. तेव्हा पाठवणीचा खर्च मालाच्या किमतीखालीच लिही. पिनकोड टाकला की किती पैसे आणि किती दिवस, दोन्ही तिथल्या तिथे दिसू दे.

बिबड्यांचा हिशोब तर नव्यानंच करायला हवा. कुरिअरवाले वजनासोबत खोक्याचं आकारमानही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण 5000 नं भागतात आणि दोन्हींत जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. आपलं खोकं 30 बाय 30 बाय 15 चं आहे, म्हणजे 2.7 किलो. पाव किलो बिबड्यांसाठी गिऱ्हाईक पावणेतीन किलोचे पैसे मोजतं, मग ते घेईल कसं? त्याच खोक्यात किलोभर बिबडे मावतात आणि कडेला मसाला, कळण्याचं पीठही बसतं. हा एकच मोठा डबा कर, सगळा खर्च धरून त्याची किंमत ठरव आणि तोच पहिल्या पानावर ठेव. सुटा पाव किलो नको म्हणत नाही, तो खाली असू दे.

खातं उघडल्याशिवाय ऑर्डर घेत नाही ती अट काढून टाक. मोबाइल नंबर, पत्ता आणि यूपीआय एवढं पुरे.

आणि ते 'फक्त 2 शिल्लक' आणि उलटं पळणारं घड्याळ आजच्या आज काढ. माळ्यावर मसाल्याचे डबे भरलेले असताना असं लिहिणं खोटं आहे. माझ्या नावावर विकलेल्या मालाला खोटं चिकटलेलं मला चालणार नाही. कायद्यातही ते बसत नाही. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा 13 फसव्या तऱ्हांवर बंदी घातली, त्यात खोटी घाई पहिली आहे. त्यापेक्षा एफएसएसएआयचा 14 आकडी अन्न-परवाना नंबर, अमळनेरचा पूर्ण पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव-नंबर ठळक दिसू दे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी लागते. माझं नाव घाल, मी देईन. बिबडे तुटून आले तर काय करतो तेही लिही. फोटो पाठवा, दुसरे पाठवतो.

पहिलं पान हंगामाप्रमाणे बदलत जा. थंडीत भरिताची वांगी आली की कळण्याचं पीठ वर हवं, कारण भरितासोबत लोकांना कळण्याचीच पुरी लागते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी बिबडे, कुरडया वर आण. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आपल्या माणसांना तेव्हाच घरची आठवण जास्त येते.

एकाच पानाचे दोन नमुने करून कुठला जास्त चालतो ते बघू, असंही तू म्हणत होतास. दिवसाला हजारो माणसं येणाऱ्या साइटला ते जमतं, आपल्याकडे तेवढी येत नाहीत. तू नाशिकच्या आत्याकडे जा, तिच्या मोबाइलवर साइट उघडून दे आणि ऑर्डर द्यायला सांग. शेजारी बस, पण मध्ये बोलू नकोस. तिचं बोट जिथे थांबेल तिथे दुरुस्ती कर. मग दुसऱ्या कुणाकडे जा. एवढं झालं की खुशाल जाहिरात कर, त्यासाठी मीही थोडे पैसे देईन.

मोठ्या डब्यात काय काय बसवायचं ते रविवारपर्यंत कळव. खोकीवाल्याला माप द्यायचं आहे आणि गल्लीतल्या बायकांना किती किलो ज्वारी भिजत घालायची तेही सांगायचं आहे. जेवण वेळेवर घेत जा.

तुझी आई