सहा निकालांचा हिशेब आणि चेंगडूचे आठ जण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्रीडा पानांवर कुमार टेनिसच्या बातम्या आता नियमित येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. अमक्याने ‘जे 30’ श्रेणीची (कुमारांची सर्वांत खालची) स्पर्धा जिंकली, तमकीने जागतिक क्रमवारीत एवढ्या जागांची झेप घेतली, इतके त्यांतून कळते. पण ही क्रमवारी बनते कशी आणि वर्षअखेरीस तिच्या टोकाला पोहोचलेली मुले कुठे नि कशा पद्धतीने खेळतात, हे सहसा छापून येत नाही. पालकांचा पैसा आणि मुलांची वर्षे बऱ्याचदा ही माहिती नसल्यामुळेच वाया जातात, म्हणून हे पत्र.

चीनमधल्या चेंगडू शहरात ऑक्टोबरच्या सुमारास आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, कुमारांची अंतिम स्पर्धा होते. पहिली 2015 साली झाली, तेव्हा तिला ‘ज्युनिअर मास्टर्स’ म्हणत. मुलांत रशियाचा आंद्रे रुब्लेव आणि मुलींत चीनची शू शिलिन हे पहिले विजेते. पुढे युक्रेनची मार्टा कोस्त्युक, फ्रान्सच्या क्लारा ब्युरेल आणि दियान पारी यांनीही ती जिंकली. कोविडमुळे 2020 ते 2022 ही तीन वर्षे खंड पडला आणि 2023 मध्ये ती पुन्हा चेंगडूलाच भरली. क्रमवारीतली पहिली 8 मुले आणि 8 मुली एवढ्यांनाच प्रवेश. वरच्यांपैकी कोणी व्यावसायिक स्पर्धांकडे वळल्यामुळे नकार दिला, तर यादी खाली सरकते. कुमार टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कम नसते. त्याऐवजी या आठ-आठ जणांना पुढच्या प्रवासासाठी अनुदान मिळते.

आता या आठांत येण्याचा हिशेब. 13 ते 18 वयाचे खेळाडू या मालिकेत खेळतात. स्पर्धांच्या श्रेणी जे 30, जे 60, जे 100, जे 200, जे 300, जे 500 आणि त्यांच्यावर ग्रँड स्लॅमच्या कुमार स्पर्धा. नावातला आकडा म्हणजेच एकेरीच्या विजेत्याचे गुण. ग्रँड स्लॅमला 1000. दुहेरीच्या विजेत्या जोडीतील प्रत्येकाला एकेरीच्या पाऊणपट गुण मिळतात. क्रमवारीत मागच्या 52 आठवड्यांतले एकेरीचे सर्वोत्तम 6 निकाल पूर्ण धरतात आणि दुहेरीच्या सर्वोत्तम 6 निकालांचे एकचतुर्थांश गुण त्यांत मिळवतात. बाकी सगळे निकाल गणतीत नसतात.

या ‘सहा’चा अर्थ पालकांनी कागद-पेन्सिल घेऊन समजून घ्यावा. एखाद्या मुलाने वर्षभरात देशातल्या देशात जे 30 श्रेणीच्या 20 स्पर्धा खेळल्या आणि त्यांतल्या 6 जिंकल्या, तर एकेरीचे गुण 180. सातवी जिंकली, आठवी जिंकली, तरी 180च. एकच जे 200 जिंकणाऱ्याच्या खात्यात त्या एका आठवड्यात 200 गुण पडतात. म्हणजे सहा विजेतेपदांनंतर त्याच श्रेणीत खेळत राहणे क्रमवारीच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. फक्त जुने गुण 52 आठवड्यांनी गळतात तेव्हा त्यांची जागा भरली जाते, इतकाच त्याचा उपयोग. सराव म्हणून ते ठीक. प्रगती म्हणून मोजायचे असेल तर सहापैकी सर्वांत लहान निकाल कोणता आणि तो कशाने बदलता येईल, एवढाच प्रश्न दर महिन्याला विचारावा.

दुहेरीकडे होणारे दुर्लक्ष तर फार महागात पडते. जे 300 ची दुहेरी जिंकली की 225 गुण, त्यांचा चतुर्थांश 56.25. म्हणजे जवळजवळ एक जे 60 एकेरी जिंकल्यासारखे. ग्रँड स्लॅमच्या कुमार दुहेरीचे 750, चतुर्थांश 187.5. घरच्या सहा जे 30 विजेतेपदांची बेरीज याहून कमी भरते. सुमित नागलने 2015 मध्ये व्हिएतनामच्या ली होआंग नामच्या जोडीने विम्बल्डनची कुमार दुहेरी जिंकली होती. आजच्या कोष्टकात तशा एका आठवड्याचे मोल काय होते, हे यावरून कळावे. तरीही एकेरीत हरल्यावर दुहेरीतून नाव काढून गाडी पकडणारी मुले प्रत्येक स्पर्धेत दिसतात. परतावा न येणारा सर्व्ह, नेटजवळचा पहिला व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), दुसऱ्या सर्व्हवर पुढे सरकणे, या गोष्टी दुहेरीतच पक्क्या होतात, हे गुणांपलीकडचे नुकसान.

आणखी एक बाब नियोजनाची. वरच्या श्रेणीच्या स्पर्धांचे प्रवेश साधारण चार आठवडे आधी बंद होतात आणि यादी त्या वेळच्या क्रमवारीवर लागते. या आठवड्यात जिंकलेले गुण महिन्यानंतरच्या स्पर्धेसाठी उपयोगी पडतात, पुढच्या आठवड्यासाठी नाही. म्हणून ‘आधी गुण मिळवू, मग बाहेर जाऊ’ असे म्हणणाऱ्याची गाडी कायम महिनाभर मागे राहते. दोन जे 30 झाल्यावर एक जे 60 किंवा जे 100, मग थेट पात्रता फेरीतून का होईना जे 200, अशी पायरी आधी आखलेली हवी. पात्रता फेरीत दोन सामने जिंकून मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरणे हे घरी करंडक उचलण्यापेक्षा दिसायला लहान आहे. खेळाला मात्र तेच वाढवते.

वर्षअखेरच्या यादीला इतके महत्त्व का, हेही सांगायला हवे. ऑरेंज बाउल ही फ्लोरिडातली डिसेंबरची जे 500 स्पर्धा संपली की वर्षाची क्रमवारी पक्की होते. त्या यादीतल्या पहिल्या 20 मुलांना पुढच्या वर्षी एटीपी चॅलेंजर स्पर्धांत (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या दुसऱ्या फळीत) राखीव जागा मिळतात, पहिल्या दहांना मुख्य फेरीत आणि त्यापुढच्यांना पात्रता फेरीत. मुलींसाठीही वरच्या व्यावसायिक स्पर्धांत अशीच सोय आहे. या जागा नसतील तर 18 वर्षांच्या मुलाला सर्वांत खालच्या व्यावसायिक स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांत वर्ष-दोन वर्षे काढावी लागतात. चेंगडूतला आठवडा आणि त्यानंतरचा ऑरेंज बाउल यांमुळे एखाद्याची पुढची दोन वर्षे बदलतात, ती अशी. आपल्याकडे युकी भांब्रीने 2009 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे कुमार विजेतेपद आणि क्रमवारीतले पहिले स्थान दोन्ही मिळवले होते. तेव्हा चेंगडूची स्पर्धा नव्हती.

चेंगडूत खेळण्याची पद्धत वेगळी आहे आणि आमचे मुख्य म्हणणे तिच्याविषयीच आहे. आठ जणांचे चार-चारचे दोन गट. गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. पहिले दोघे उपांत्य फेरीत, उरलेले खालच्या क्रमांकांसाठी खेळतात. पहिल्या दिवशी हरलेल्याला दुसऱ्या दिवशी कोर्टावर उतरावेच लागते. आपली मुले वर्षभर बाद पद्धतीत खेळतात. सकाळी अकराला हरले की दुपारी सामान बांधून घरी. हरल्यानंतर चोवीस तासांत स्वतःला सावरून, तेवढ्याच ताकदीच्या दुसऱ्या खेळाडूपुढे उभे राहण्याचा सराव त्यांना मिळतच नाही. शिवाय गटात ज्याच्याशी हरलो तोच अंतिम फेरीत पुन्हा समोर येऊ शकतो. चार दिवसांपूर्वी बॅकहँडवर खेळवून हरवणाऱ्याविरुद्ध या वेळी काय वेगळे करायचे, हे खेळाडूने आणि प्रशिक्षकाने दोघांनी मिळून शोधायचे असते.

गटातल्या बरोबरीचा हिशेब अनेकांना चक्रावतो, म्हणून एक उदाहरण देतो. अ ने ब ला 6-4, 6-4 हरवले. ब ने क ला 6-3, 3-6, 6-2. क ने अ ला 7-6, 4-6, 6-3. ड ला तिघांनीही सरळ दोन सेटमध्ये हरवले. तिघांचे दोन-दोन विजय. दोघांचीच बरोबरी असती तर आपसातला सामना पाहिला असता. तिघांत तो निरुपयोगी, म्हणून रूढ नियमाप्रमाणे जिंकलेल्या सेटची टक्केवारी काढतात. अ ने 7 पैकी 5 सेट जिंकले, 71.4 टक्के. क ने 8 पैकी 5, 62.5 टक्के. ब ने 7 पैकी 4, 57.1 टक्के. ब ने क ला हरवूनही क पुढे जातो आणि ब बाहेर पडतो. ब ने अ विरुद्ध हरता हरता एक सेट जरी काढला असता तरी तिघेही 8 पैकी 5 वर आले असते आणि गेमांच्या टक्केवारीवर ब ला संधी राहिली असती. पहिला सेट गेल्यावर दुसऱ्यात मान टाकणाऱ्या मुलांना हे उदाहरण फळ्यावर लिहून दाखवावे.

ही पद्धत आपल्याकडे राबवणे अवघड नाही. जिल्हा, क्लब किंवा संघटना, जो कोणी वर्षअखेरीस आपल्या वयोगटाचे पहिले आठ खेळाडू एकत्र आणू शकतो, त्याने ती साखळीने खेळवावी. मुले-मुली मिळून गटांचे 24 सामने होतात. 4 कोर्टांवर दिवसाला 8 सामने धरले तर तीन दिवस. चौथ्या दिवशी उपांत्य फेरीचे 4 आणि पाचव्या ते आठव्या क्रमांकांचे 4, पाचव्या दिवशी अंतिम आणि तिसऱ्या क्रमांकाचे मिळून 4. एकूण 36 सामने, कोणालाही दिवसात एकापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येकाला किमान चार. प्रत्येक सामन्याला तीन नवे चेंडू, तिसऱ्या सेटला आणखी तीन. एक तृतीयांश सामने तिसऱ्या सेटपर्यंत जातील असे धरले तर 144 चेंडू, म्हणजे तीन चेंडूंचे 48 डबे किंवा 24 डब्यांचे दोन खोके. सरावाचे चेंडू वेगळे. एक मुख्य पंच, चार खुर्चीवरचे पंच आणि एक राखीव. खालच्या श्रेणीच्या बहुतेक सामन्यांत खेळाडू स्वतःच आपल्या बाजूच्या रेषा ठरवतात आणि पंच दोन-तीन कोर्टांवर फिरता असतो. वरच्या पातळीवर खुर्चीत पंच असतो, तेव्हा त्याच्याशी बोलायचे कसे, निर्णय पटला नाही तरी 20-25 सेकंदांत पुढच्या गुणाकडे वळायचे कसे, हे इथेच शिकता येते.

डिसेंबरमध्ये पुण्यात सकाळी कोर्टावर दव असते आणि सहाला अंधारते. दिवे नसतील तर पहिले सत्र साडेआठला आणि दुसरे अडीचच्या आत सुरू व्हायलाच हवे.

बिघडते ते तीन ठिकाणी. पहिले, सामने आटोपण्यासाठी एकच आठ गेमांचा सेट खेळवणे. मग सेटच्या टक्केवारीला अर्थ उरत नाही आणि मुलांना तिसऱ्या सेटची ओळखही होत नाही. वेळ अगदीच कमी असेल तर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक ठेवावा, पण तो हिशेबात एक सेट आणि एक गेम धरायचा. दहा गेम धरल्यामुळे झालेले वाद आम्ही पाहिले आहेत. दुसरे, गटसामन्यांच्या शेवटच्या दिवशी एका गटाचे दोन सामने वेगवेगळ्या वेळी ठेवणे. मागून खेळणाऱ्याला किती गेम पुरतात हे आधीच कळते आणि आधी खेळलेल्यावर अन्याय होतो. चार कोर्टे असतील तर सकाळी दोन गटांचे चारही सामने एकाच वेळी आणि दुपारी उरलेल्या दोन गटांचे, अशी मांडणी सहज बसते. ज्याचे स्थान आधीच पक्के झाले आहे तो तिसरा सामना सैल खेळू नये म्हणून गटातल्या प्रत्येक विजयाला क्रमवारीचे गुण ठेवावेत. एटीपी फायनल्समध्ये, म्हणजे व्यावसायिक पुरुषांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत, तसेच असते. तिसरे, दुखापत. सामना अर्धवट सोडला तर तो सरळ दोन सेटमध्ये हरल्याचा धरावा, पण त्यातले गेम टक्केवारीत घेऊ नयेत. नववा आणि दहावा खेळाडू राखीव म्हणून पहिल्या दिवसापासून मैदानावर हवेत. हे सगळे नियम सोडती काढण्याआधी मराठीत लिहून फलकावर लावावेत.

चेंगडूला कधी आपला खेळाडू गेला तर त्याला एक गोष्ट सोपी जाईल. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर आणि चेंगडूची 500च्या आसपास, म्हणजे चेंडूची उडी ओळखीची. मुंबईत वाढलेल्याला दोन्हीकडे चेंडू थोडा लांब जाणवतो. तिथली हवा मात्र शरद ऋतूत ढगाळ आणि दमट, चेंडू ओला होऊन जड होतो. अशा वेळी रॅकेटच्या तारांचा ताण एक-दोन पौंडांनी उतरवला की फटक्याला खोली परत मिळते.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. कुमार टेनिसच्या बातमीत स्पर्धेची श्रेणी, खेळाडू पात्रतेतून आला की थेट, दुहेरीचा निकाल आणि प्रत्येक सेटचा गुणफलक, एवढे चार तपशील जरूर छापावेत. साखळी स्पर्धा असेल तर गटाचा तक्ता सेट आणि गेमांसह द्यावा. त्याला चार ओळींची जागा पुरते.

आपले,
टेनिस प्रशिक्षक व पंच, पुणे