केरळ सहल : बॅगांचे वजन शनिवारी

सर्व सभासदांना नमस्कार. पुढच्या आठवड्यात सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई आणि तिथून विमानाने कोची. म्हणून येत्या शनिवारी सायंकाळी 5 वाजता भरलेली बॅग घेऊन सभागृहात या. वजनकाटा आणलाय.

- आपल्या तिकिटावर मोठ्या बॅगेला 15 किलो, हातातल्या बॅगेला 7 किलो. रेल्वेत स्लीपरला 40 किलो चालते, त्या हिशेबाने भरू नका.
- नवी बॅग घेणार असाल तर रिकामी उचलून बघा. रिकामीच 5 किलोची असेल तर सामान काय भरणार? चार चाकांची गुळगुळीत फरशीवर छान पळते. फलाटावर आणि खडबडीत रस्त्यावर दोन मोठ्या चाकांचीच बरी. चेन दोनदा ओढून पाहा, दांडा हलवून पाहा.
- पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. कात्री, सुरी मोठ्या बॅगेत.
- शेंगा चटणी दुहेरी पिशवीत बांधा. गेल्या वेळी एकाच्या पांढऱ्या सदऱ्याचे काय झाले ते आठवत असेलच! सोलापुरी चादर मात्र घरीच ठेवा.
- हँडलला रंगीत रिबन बांधा, आत नाव-नंबराची चिठ्ठी ठेवा.

जादा वजनाचे पैसे ज्याचे त्याने भरायचे.

— सहल समिती