टॉन्सिलचं औषध काउंटरवरून घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते, पण त्याच दिवसांत नाशिकच्या घराघरात पोरांचे घसे धरलेले असतात आणि मेडिकलच्या काउंटरवर गर्दी असते, ते कुठे छापून येत नाही म्हणून लिहितेय. "दादा, टॉन्सिल वाढलंय, मागच्या वेळचंच द्या." मीही तिथे उभी राहिलेय, माझ्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, वर्षात चार-पाच वेळा, आणि आमच्या जवळच्या मेडिकलवाल्याने एकदाही चिठ्ठी न मागता तीन दिवसांची अँटिबायोटिक दिली. दोन दिवसांत ताप जायचा, पोरगं वरणभात खायला लागायचं, आणि महिना-दीड महिन्यात परत घास गिळवेना.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला जवळ बोलावून मुलाच्या तोंडात लाइट मारून दाखवलं. मला वाटायचं टॉन्सिल म्हणजे गुळगुळीत गोळा असेल, तर त्यावर चक्क भोकं असतात, आत खोल गेलेल्या खाचा, आणि एका खाचेत पिवळट पांढरा, तांदळाच्या कणीएवढा खडा अडकलेला. तो काढून कापसावर ठेवला तर असा घाण वास की मुलानेच नाक दाबलं.

त्या खाचांमध्ये जंतू सुटे नसतात, एकमेकांना धरून चिकट थर करून राहतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. आमच्याकडे पाणी दिवसाआड आलं की माठ दोन-तीन दिवस तसाच राहतो, मग आत हात घातला की बुळबुळीत लागतं ना, आणि नुसतं विसळून ते जात नाही, घासावंच लागतं, तसंच हे. गोळ्यांनी सुटे जंतू मरतात म्हणून बरं वाटतं, पण थराच्या आत औषध नीट पोचत नाही, आतले जंतू सुस्त पडून असतात, ते तगतात आणि परत डोकं वर काढतात. घशावरून कापूस फिरवून टेस्ट केली तरी खोल खाचेतलं त्यात सापडेलच असं नाही.

घरी आल्यावर मी यावर बरंच वाचलं. २००३ साली अमेरिकेतल्या चोल आणि फॅडिस या दोन संशोधकांनी ऑपरेशन करून काढलेल्या टॉन्सिल्स मायक्रोस्कोपखाली पाहिल्या तेव्हा हे थर दिसले, नंतर ते खडे म्हणजेही जिवंत बायोफिल्मच असल्याचं दिसलं. (दातांवरच्या किटणाचं तर १६८४ मध्येच मायक्रोस्कोपमधून जंतू पाहणाऱ्या लीवेनहोकने लिहून ठेवलंय की व्हिनेगरने वरवरचे जंतू मेले, आतले नाही!) अर्थात नुसत्या आकाराने वाढलेल्या टॉन्सिल्समध्येही थर सापडलेत, म्हणून सगळं खापर त्याच्यावरच फोडता येणार नाही.

आता कळकळीने सांगायचंय ते हे. घसा दुखण्याची बरीचशी कारणं व्हायरल असतात, तिथे अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही. आणि जिथे स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असतो तिथे दुर्लक्ष केलं तर संधिवाताचा ताप येऊन पुढे हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, म्हणून पेनिसिलिनच्या गोळ्यांचा कोर्स १० दिवसांचा असतो, तीन दिवसांच्या पुडीने तिथे भागत नाही. यातलं काय आहे ते काउंटरवरून कसं कळणार?

दुसरं म्हणजे ऑपरेशनचा निर्णय. साधारण वर्षात ७ वेळा, किंवा लागोपाठ २ वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा ३ वर्षं दरवर्षी ३ वेळा त्रास झाला तर डॉक्टर त्याचा विचार करतात, पण प्रत्येक वेळची नोंद लागते, ताप किती होता, मानेला गाठी होत्या का, टेस्ट केली का. डॉक्टरांनी जुने कागद मागितले तेव्हा माझ्याकडे एकही नव्हता, कारण सगळं औषध काउंटरवरूनच आणलेलं. मुलाने सोसलेलं ते अख्खं वर्ष कुठल्या हिशोबातच धरता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अन्न व औषध प्रशासनाने थंडीच्या दिवसांत नाशिकमधल्या मेडिकल दुकानांवर लक्ष ठेवावं, पाकिटावर लाल रेघ असलेली औषधं चिठ्ठीशिवाय विकली जातायत ती थांबवावीत. आणि आपल्या आरोग्य पानावर एखाद्या घसातज्ज्ञाकडून हे समजावून लिहून घ्यावं ही विनंती. मी फ्रिजवर एक वही अडकवलीये, त्यात तारीख, ताप आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहितेय, आत्तापर्यंत दोन नोंदी झाल्यात.

आपली,
एक वाचक आई, सिडको, नाशिक