बाबांच्या पेट्यांविषयी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर म्हणालास, "सगळं स्कॅन करून टाकू, मग पेट्या रिकाम्या करता येतील." घरात जागा व्हावी आणि मला उचलठेव करायला लागू नये म्हणूनच तू म्हणालास, हे कळतं मला. पण त्या पेट्यांतला कुठला कागद कशाचा, हे आता फक्त मीच सांगू शकते, आणि मलाही सगळ्यांचं सांगता येणार नाही. फोनवर तू घाईत असतोस, म्हणून सविस्तर लिहिते.

ते सगळे कागद एकट्या बाबांचे नाहीत. पेंच धरणाच्या नहरीवर ते कालवा निरीक्षक होते, तेव्हापासून रिटायर झालेले ओव्हरसियर, मेट म्हणजे मजुरांचे मुकादम, चौकीदार घरात जपलेलं काहीबाही त्यांना आणून द्यायचे. "साहेब, पोरं रद्दीत घालतील, तुम्ही ठेवा." पाण्याची पातळी रोज नोंदवलेल्या गेजच्या वह्या, कोणाला कधी पाणी द्यायचं त्या शेजपाळीची पत्रकं, पाणी मागणीचे सात नंबरचे जुने फॉर्म, फोटो, नकाशे असं जमत गेलं. कोणी काय दिलं याची चिठ्ठी बाबा प्रत्येक गठ्ठ्यावर लावत. ती चिठ्ठी काढायची नाही. आणि नकाशे एकीकडे, फोटो एकीकडे असे गठ्ठेही फोडायचे नाहीत. चौकीदाराचा फोटो त्याच्याच वहीजवळ राहिला, तरच तो कोणत्या गेटवर, कोणत्या साली काढला ते लागतं.

मध्यंतरी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन गेला. त्याला फक्त तो हाताने रंगवलेला मोठा नकाशा हवा होता, भिंतीवर फ्रेम करून लावायला. चांगले पैसे देत होता. मी नाही म्हटलं, आणि माझ्यामागे तूही नाहीच म्हणावंस अशी माझी इच्छा आहे. तो नकाशा ज्या मोजणीच्या वहीवरून काढला, ती वही त्याच गठ्ठ्यात आहे. दोघांची ताटातूट झाली की नकाशा शोभेचा होतो आणि वहीतल्या आकड्यांचा अर्थ लावणं अशक्य होतं.

नकाशांचं मला जास्त लागतं, कारण माझी सगळी नोकरी अनुरेखक म्हणून, म्हणजे नकाशे हाताने उतरवून काढण्यातच गेली. नकाशे ज्यावर उतरवायचे ते ट्रेसिंग क्लॉथ तू पाहिलं आहेस, पण हाताळलेलं नाहीस. खळ चढवलेलं तलम सुती कापड असतं ते, एक बाजू चकचकीत. आम्ही त्यावर पावडर चोळायचो, मग शाई धरायची. त्याला पाणी अजिबात सोसत नाही. एक थेंब पडला तरी पांढरा डाग कायमचा. पूर्ण भिजलं की खळ निघून जाते आणि हातात नुसतं मऊ कापड उरतं. रद्द झालेले नकाशे धुऊन त्या कापडाची झबली शिवायची तेव्हा रीतच होती. ओलं फडकं, सेलोटेप आणि लॅमिनेशन या तीन गोष्टी पेट्यांच्या आसपास आणायच्या नाहीत. नकाशांच्या छापील प्रतींपैकी निळ्या फेरो प्रिंट आणि अमोनिया प्रिंट एकाच गुंडाळीत ठेवू नकोस, अमोनियाच्या प्रिंट शेजारच्या कागदालाही खराब करतात. मला जमेल तसं मी त्या वेगळ्या करते आहे.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, ते तुला आठवत असेल. बाबांच्या ओळखीच्या एका घरी तळमजल्यावर नहरीच्या फोटोंची ट्रंक होती. चिखल उपसून ती उघडेपर्यंत फोटो एकमेकांना चिकटून गेले होते आणि घाईत सोडवताना चित्रच निघून आलं. ओले फोटो ओढून सोडवायचे नसतात. स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करायचे, नाहीतर तसेच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि जाणकाराला दाखवायचे, हे त्या घरात कोणाला माहीत असणार? त्या फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तेव्हापासून आपल्या पेट्या वरच्या खोलीत आहेत.

आता या कागदांचा उपयोग काय, असं तू स्पष्ट विचारलं नाहीस, पण तुझ्या बोलण्यात ते होतं. जुलै २०१९मध्ये नागपुरात एक दिवसाआड नळ येत होते. वर मध्य प्रदेशात चौराईला धरण झालं, आपल्या पेंचवरच्या तोतलाडोह धरणात पूर्वीइतकं पाणी येईना, अशी चर्चा गावभर होती. पूर्वी किती यायचं, हे त्या वेळी रोज गेज वाचणाऱ्या माणसाच्या वहीइतकं सरळ कोण सांगणार? छापील अहवालात महिन्याची बेरीज असते. वहीत रोजचा आकडा असतो आणि शेजारी "रात्री पाऊस, गेट अर्धं पाडलं" असंही लिहिलेलं असतं.

भंडाऱ्याकडचे एक शेतकरी आपल्या घरी आले होते. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची जुनी पद्धत, संपवणारा कायदा १९५०चा. त्यानंतर गावोगावचे तलाव सरकारकडे गेले, आपण त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतो. त्यांच्या गावच्या तलावाचा जादा पाणी जायचा जुना सांडवा कुठे होता यावरून वाद पेटला होता, पोटातल्या जमिनीवर अतिक्रमण झालं होतं. बाबांकडे हाताने उतरवलेला नकाशा होता. त्यांनी त्याची झेरॉक्स दिली, पैसे घेतले नाहीत, आणि मूळ कागद कोणत्या कार्यालयात बघायचा तेही लिहून दिलं. आपला संग्रह असाच वापरात राहावा असं मला वाटतं.

बाबांच्या हिरव्या वहीत एक वेगळंच प्रकरण आहे, ते मात्र तू मुळातून वाच. १८६०च्या दशकात वर्धेच्या खोऱ्यातला कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा बोटींनी समुद्रापर्यंत न्यायचा बेत होता. आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरचा त्यामागे मोठा आग्रह. नदीतल्या खडकांच्या अडथळ्यांना वळसा घालायला कालवे आणि जलपाशांची, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारांची, कामं सुरू झाली. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७१मध्ये ते काम सोडून दिलं. आपल्या विदर्भातून बोटी समुद्राला जाणार होत्या, हे इथल्या किती मुलांना माहीत आहे? बाबांनी जुन्या अहवालांतून हे सगळं उतरवून काढलं, प्रत्येक पानावर कुठून घेतलं ते लिहून.

स्कॅनिंगला माझी ना नाही. फोटो ६०० डीपीआयवर कर आणि प्रत्येकाची मागची बाजूही घे, नावं तिथेच असतात. पण सगळं एकदम इंटरनेटवर टाकायचं नाही. वह्यांमध्ये शेजाऱ्या-शेजाऱ्यांची पाण्यावरून झालेली भांडणं नावानिशी आहेत, ती पानं बाजूला राहू देत. ज्यांनी गठ्ठे दिले त्यांच्या घरच्यांना आधी विचारू. कार्यालयाचा शिक्का असलेले कागद आपले नव्हेत, ते खात्याकडे किंवा पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूरच्या कार्यालयात द्यायचे. उरलेलं जिथे द्यायचं तिथे एकत्र राहील आणि मागेल त्याला बघायला मिळेल, असं लेखी घेऊन द्यायचं.

सगळ्यात घाईचं काम फोटोंचं आहे. साहेबलोकांची नावं फोटोंवर आहेत, पाटी वाहणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाही. पारशिवनीकडच्या एका मेटच्या घरी मी एक फोटो घेऊन गेले होते. त्यांच्या बायकोने चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेकीचं नाव, गाव, कोणाची कोण ते सांगायला लागल्या. एक तर त्यांची नणंदच निघाली. मी भराभर लिहून घेतलं, तरी निम्मं राहिलं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे.

तू दिवाळीत येणारच आहेस. चार दिवस जास्त काढ. येताना सपाट काचेचा स्कॅनर आण आणि आवाज टिपायला काहीतरी चांगलं आण. भाऊबीज झाली की आपण आधी पारशिवनीला जाऊ. त्यांना मी तसा निरोप दिला आहे.

तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
आई