शेजारच्या शेडमधल्या काकांना, दहाच्या नाण्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही "जाऊ दे ना बाप्पा" म्हणत निघून जाल, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

हिंगणा एमआयडीसी, मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकत होता. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) मोल्डच्या कॅव्हिटीची, म्हणजे साच्यातल्या पोकळीची ट्रायल: 45 अंशांचा उतार, फिनिशिंगला 10 मिमीचा बॉल नोज, म्हणजे गोल टोकाचं कटर. वरच्या कडेवरून बाउंड्री (टूलची हद्द ठरवणारी रेषा) घेऊन मी टूलचं सेंटर रेषेवर ठेवलं. टूल कडेवर चढून वळलं आणि धार गोल झाली. पार्टिंग लाइनची, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली धार गेली की मोल्डिंगला फ्लॅश (कडेला जादा पापुद्रा) येणारच. घाबरून टूल पूर्ण बाउंड्रीच्या आत घेतलं, तर कडेला न कापलेली पट्टी उरली. मग टूल, मशीन, सॉफ्टवेअर, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या.

तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंच नाही. टपरीवर नेलंत, तर्री पोह्याची रिकामी प्लेट पुढे ओढलीत आणि माझ्याकडून दहाचं नाणं मागितलंत. प्लेटचा काठ म्हणजे बाउंड्री, नाणं म्हणजे टूल. नाणं 27 मिमीचं. मध्य काठावर आला की साडेतेरा मिमी बाहेर लोंबतं. पूर्ण आत घेतलं की मध्यच साडेतेरा आत सरकतो. मग विचारलंत, "आता सांग, कापून कोण राह्यलं? सेंटर का?"

दोन वर्षं प्रोग्राम करतोय, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. उतारावर बॉल नोज बाजूने टेकतो. 45 अंशांवर, 5 मिमी त्रिज्येला, टेकण्याचा बिंदू सेंटरपासून आडवा साधारण 3.5 मिमी. मी सेंटर 5 मिमी आत ढकललेलं, म्हणून दीड मिमीची पट्टी! हा हिशेब तुम्ही पोह्याच्या कागदावर माझ्याकडूनच करून घेतलात. "मग बाउंड्री दीड मिमी सरकवून ऑफसेट देऊन टाकतो," म्हटलं, तर हसलात. पुढच्या पॉकेटचा उतार 60 अंशांचा होता. तिथे टेकण्याच्या बिंदूचं सेंटरपासूनचं अंतर 4.3 मिमी होतं. बाउंड्री सेंटरऐवजी कॉन्टॅक्ट पॉइंटला, म्हणजे टेकण्याच्या बिंदूला लावली की उतार कोणताही असो, टूल धारेला टेकतं आणि थांबतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी फक्त एक टिक आहे. मला ती रोज दिसायची.

परतल्यावरही तुम्ही माउसला हात लावला नाहीत, हात मागे बांधून उभे राहिलात. टिक मीच केली. खरा जॉब धारदार निघाला, पार्टिंग फेसवर एक ओरखडा नाही.

पोह्याचे पैसे तुम्हीच दिलेत, त्याबद्दलही आभार. दहाचं नाणं मात्र तुमच्याच खिशात गेलंय, काका.

तुमचा,
पलीकडच्या व्हीएमसीवरचा पोरगा