मॅडम, त्या एका गुणाकाराबद्दल

आदरणीय मॅडम,

माझा पेटंटचा अर्ज नाकारला गेला, त्यावरच्या अपिलाचा निकाल आला त्या दिवशी फोनवर मला धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. तेही उघड, कारण नकाराचं पत्र पुढ्यात घेऊन बसलेले माझ्यासारखे बरेच असतील.

परीक्षकांचं म्हणणं सरळ होतं. हाफ ब्रिजमधले (एकावर एक जोडलेल्या दोन स्विचांच्या सर्किटमधले) दोन्ही मोसफेट, म्हणजे ते इलेक्ट्रॉनिक स्विच, एकदम चालू होऊ नयेत म्हणून मध्ये ठेवायचा थोडा वेळ, म्हणजे डेड टाइम, एका जुन्या पेटंटात आहे, दोघांच्या मधल्या नोडचं (जोडबिंदूचं) व्होल्टेज बघणारा कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारं सर्किट, दुसऱ्यात आहे. दोन्ही जोडले की झालं तुमचं सर्किट, यात नवं काय? मी रागाच्या भरात अकरा पानं लिहून आणली होती. माझं सर्किट किती थंड चालतं, वीज किती वाचवतं, वगैरे. तुम्ही ती बाजूला ठेवलीत (वाचलीत तरी का, मला अजून शंका आहे) आणि दुसऱ्या पेटंटाची आकृती पुढे सरकवलीत. कम्पॅरेटरच्या इनपुटवरच्या फिल्टरवर पेन्सिल टेकवून म्हणालात, "याचा गुणाकार करा."

रेझिस्टर १० किलोओहम, कपॅसिटर १०० पिकोफॅरड. त्यांचा गुणाकार म्हणजे फिल्टरमुळे होणारा उशीर साधारण केवढा ते: १ मायक्रोसेकंद, म्हणजे १००० नॅनोसेकंद. आणि पहिल्या पेटंटातला डेड टाइम ६० नॅनोसेकंदांचा! कम्पॅरेटरला जाग येईपर्यंत दुसरा मोसफेट केव्हाच चालू झालेला असणार. मग फिल्टर लहान करा, असं कोणीही म्हणेल. पण फिल्टर लहान केला तर स्विचिंगच्या नॉइजने कम्पॅरेटर फसतो, हे त्याच पेटंटात लिहिलेलं होतं. ते वाक्य मी चारदा वाचलं होतं आणि चारही वेळा सोडून दिलं होतं. म्हणजे ती दोन पेटंटं नुसती जोडून काम होतच नव्हतं.

अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत, दाखल कागदांतूनच बोलायचं, हे तुम्ही आधीच बजावलं होतं. त्याआधी पहिला क्लेम (शोधावर मागितलेल्या हक्काची व्याप्ती) आखूड करायला लावलात, तेव्हा मी दोन दिवस धुसफुसत होतो, हेही कबूल करून टाकतो.

आणि मी अगदीच खचलो तेव्हा तुम्ही हॅरल्ड ब्लॅक यांची गोष्ट काढलीत. निगेटिव्ह फीडबॅकच्या अ‍ॅम्प्लिफायरचा त्यांचा अर्ज १९२८ चा, पेटंट मिळालं १९३७ मध्ये. "नऊ वर्षं होऊ द्या, मग या रडायला."

तेवढी लागली नाहीत. तुमची ती पेन्सिल मात्र माझ्या फाइलमध्ये आली आहे. पुढची आकृती घेऊन येईन तेव्हा परत करतो.

आपला,
अकरा पानंवाला