लाल कॅप्सूल एकटी नको

प्रिय मन्या,

तुझा मेसेज रात्री वाचला, फोनच करणार होतो पण म्हटलं लिहूनच काढतो, फोनवर आपण दोघं भलतंच बोलत बसतो. मणक्याच्या इन्फेक्शनसाठी तुला दोन अँटिबायोटिक दिलीत, त्यातली लिव्होफ्लॉक्सासिन मळमळतं म्हणून सोडतो आणि नुसती लाल कॅप्सूल चालू ठेवतो म्हणतोस. अरे बाबा, नेमकं तेच करू नकोस.

ती लाल म्हणजे रिफाम्पिसिन. तुझ्या बायोप्सीत जो स्टॅफ (स्टॅफिलोकोकस जंतू) निघाला त्याच्यावर ती जबरदस्त चालते, हाडात शिरते, जंतू चिकट थर करून दडी मारतात तिथेही पोचते. पण एकटी दिली की काही दिवसांत फुकट जाऊ शकते. कसं, तर काही कोटी जंतूंत एखादा असा निघतोच ज्याच्यात एक बारीकसा बदल झालेला असतो आणि औषध त्याला लागूच पडत नाही, बाकीचे मरतात, हा उरतो आणि मोकळं रान मिळाल्यासारखा वाढत सुटतो. दुसरी गोळी, म्हणजे तुझी लिव्होफ्लॉक्सासिन, त्या एकाला गाठायला असते. म्हणून माझ्या मणक्याच्या वेळी मलाही रिफाम्पिसिन पहिल्या दिवसापासून नव्हती दिली, आधी सलाईनमधून दुसरं औषध, रक्तातले जंतू साफ झाल्यावर मग ही.

तसं मणक्याच्या प्रत्येक इन्फेक्शनला दोन औषधं लागतातच असं नाही हां, स्क्रू-रॉड बसवलेले असतील तर जोडीचा फायदा जास्त पक्का मानतात, बाकीच्यांचं जंतू कुठला ते बघून ठरतं. आणि टीबी निघाला तर तो हिशेबच वेगळा, चार-चार औषधं.

लिव्होफ्लॉक्सासिनचं म्हणशील तर दूध, कॅल्शियम, लोह आणि अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधांबरोबर घेऊ नकोस, ती पोटातच अडकते, दोन-तीन तासांचं अंतर ठेव. टाचेच्या वरची शीर दुखायला लागली तर मात्र पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना फोन, बदली औषध ते देतील, आपण आपल्या मनाने एक वजा करायची नाही. रिफाम्पिसिन लिव्हरला कामाला लावते, त्यामुळे बाकीची औषधं लवकर संपतात, तुझ्या बाबांसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं.

आणि सहा आठवडे औषधं ऐकून घाबरू नकोस. २०१५ साली फ्रान्समधला अभ्यास आला होता, साडेतीनशे पेशंट, सहा आठवडे विरुद्ध बारा, सहावाले कुठे मागे पडले नाहीत. आधी बारा आठवडे सर्रास द्यायचे म्हणे! मला तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत कूस बदलायला उशी धरून आधी गुडघे वळवायचे, मग खांदा, मग दात-ओठ खाऊन बाकीचा मी, असं चालायचं. सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारा आकडा) उतरत होता पण एमआरआय मागच्यापेक्षा वाईट दिसला, मी हादरलो, डॉक्टर म्हणाले फोटो मागेच राहतो, तुझं दुखणं आणि सीआरपी बघ. पायात जोर कमी वाटला, बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर मात्र रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.

लघवी केशरी होते त्याला भिऊ नको, घाम आणि डोळ्यातलं पाणीपण तसंच, माझ्या पांढऱ्या उशीवर अजून डाग आहे. तू लेन्स लावतोस ना? त्या आजच काढून ठेव, मऊ लेन्स एकदा रंगल्या की रंगल्या. चष्मा शोध तुझा तो जुना.

तुझाच,
बाळ्या